पालकसभेची चिठ्ठी

(मुलांचे शिक्षण फक्त शाळेत होत नाही. त्यात घराचाही मोठा वाटा असतो. ज्या आईवडिलांना स्वतःला लिहिता-वाचता येत नाही, ते मुलांच्या शिक्षणासाठी काय करू शकतात? सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील उदाहरणे देऊन लेखकाने या पाठात या प्रश्नाचे उत्तर शोधले आहे.)



'पालक' हा शब्द मी फळ्यावर लिहिला तेव्हा आमच्या आठवीच्या वर्गात हशा पिकला. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "सर, पालक म्हणजे भाजी ना?"

त्याचे काही चुकले नव्हते. पालक नावाची भाजी आपण सगळेच खातो. पण मराठीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे. जो पालन करतो, सांभाळ करतो, तो पालक. उर्दूत आपण ज्याला सरपरस्त म्हणतो, तोच मराठीतला पालक. आई, वडील, आजी, आजोबा, मामा किंवा थोरला भाऊ, जो तुम्हांला सांभाळतो तो तुमचा पालक.

त्या दिवशी मी हा शब्द फळ्यावर लिहिला, कारण दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा होती. प्रत्येक मुलाच्या हाती एक चिठ्ठी दिली होती. ती घरी दाखवायची आणि पालकांची सही घेऊन परत आणायची होती.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगणार नाही. तो गणितात बरा होता आणि उर्दूत चांगला होता. पण मराठीचा तास सुरू झाला की खिडकीबाहेर बघत बसे. सहामाही परीक्षेत त्याला मराठीत १०० पैकी १९ गुण मिळाले होते. त्याची सही केलेली चिठ्ठी काही आली नाही.

"अब्बा गावाला गेलेत, सर," तो म्हणाला.

पुढच्या सभेच्या वेळी त्याच्या अब्बांना ताप आला होता. तिसऱ्या वेळी मी विचारले, तेव्हा तो काहीच बोलला नाही. मी तेव्हा नुकताच बी.एड. होऊन शाळेत लागलो होतो. मला वाटे, आपल्याला सगळे कळते. मी माझ्या वहीत त्याच्या नावापुढे लिहिले, 'पालक लक्ष देत नाहीत.' हे लिहिण्याआधी मी कुणालाही काही विचारले नाही. आज मला त्या वाक्याची लाज वाटते.

एका संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील नुकतेच कामावरून आले होते. सांगलीच्या मार्केट यार्डात ते हळदीची पोती वाहत. सांगलीचा हळदीचा बाजार साऱ्या देशात प्रसिद्ध आहे, हे तुम्ही भूगोलात वाचले असेल. पण ती पोती पाठीवर घेणाऱ्या हमालाकडे आपण फारसे पाहत नाही. त्यांचा शर्ट पिवळा होता, हात पिवळे होते, भुवयांचे केससुद्धा पिवळे झाले होते.

"या सर, बसा," असे म्हणून त्यांनी खाटेवरची चादर झटकली.

मी म्हणालो, "तुम्ही तीन सभांना आला नाहीत."

"कसली सभा, सर? मला कुणी बोलावलंच नाही."

मुलाने मान खाली घातली. मग त्याने कोपऱ्यातले दप्तर आणले आणि अगदी तळातून तीन चिठ्ठ्या काढल्या. त्यांच्या नीट चौकोनी घड्या केलेल्या होत्या. त्याने त्या फाडल्या नव्हत्या आणि फेकल्याही नव्हत्या. त्या कुणाला दाखवण्याचे मात्र त्याला धाडस झाले नव्हते.

मला वाटले, आता मुलाला मार बसणार. पण वडील बराच वेळ त्या चिठ्ठ्यांकडे पाहत राहिले. त्यांना त्या वाचता येत नव्हत्या. शेवटी ते हळू आवाजात म्हणाले, "त्याचंही बरोबर आहे, सर. बाकीचे लोक इस्त्रीचे कपडे घालून येत असतील. माझी हळद धुतली तरी जात नाही. आणि मी शाळेत येऊन करणार काय? मला ना अलिफ-बे येत, ना अ-आ-इ-ई."

मित्रांनो, 'मी शाळेत येऊन करणार काय?' हा प्रश्न मी पुढे कितीतरी पालकांच्या तोंडून ऐकला. शिवणकाम करणाऱ्या आईने तो विचारला, रिक्षा चालवणाऱ्या वडिलांनी विचारला, नातवंडांना सांभाळणाऱ्या आजीने विचारला. या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. आपल्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांतच ते सापडते.

'रयत' हा शब्द तुम्हांला ठाऊक आहे. उर्दूतला 'रईयत' तो हाच. रयत म्हणजे प्रजा, सामान्य जनता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी एक संस्था स्थापन केली आणि तिला नाव दिले 'रयत शिक्षण संस्था'. त्याआधीही, १९१० च्या सुमारास, आजच्या सांगली जिल्ह्यातील दूधगाव येथे त्यांनी मित्रांच्या मदतीने विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढला होता. पुढे १९२४ साली रयत शिक्षण संस्थेचे कार्यालय साताऱ्याला आले. तेथे त्यांनी वसतिगृह सुरू केले. वेगवेगळ्या जातिधर्मांची मुले तेथे एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र अभ्यास करत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाला 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस' असे नाव देण्यात आले.

आता विचार करा. या वसतिगृहात कोणाची मुले येत होती? शेतकऱ्यांची, मजुरांची, कारागिरांची. त्यांपैकी कितीतरी आईवडिलांनी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. मुलगा शिकायला गेला की शेतात काम करणारे दोन हात कमी होत. गुरे कोण राखणार, विहिरीवर मोट कोण हाकणार, हा प्रश्न घरात उभा राही. तरीही त्या आईवडिलांनी मुलांना पाठवले. पैसे नव्हते, म्हणून गावकऱ्यांनी धान्य दिले. घरोघरच्या बायका दळायला बसताना मूठभर धान्य वसतिगृहासाठी बाजूला काढून ठेवत. याला 'मुष्टिफंड' म्हणत. मुष्टी म्हणजे मूठ. ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते, तिची मूठही शाळेच्या उपयोगी पडली.

वसतिगृहातील मुलेही आयते खात नसत. ती शेतात काम करत, स्वयंपाकात मदत करत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही या संस्थेची ओळखच झाली.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई या त्या मुलांच्या आई झाल्या. मुले त्यांना 'वहिनी' म्हणत. संस्थेजवळ पैसे नसत. मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने एकेक करून दिले. एकदा भाऊराव बाहेरगावी होते आणि घरात धान्य नव्हते. त्या वेळी त्यांनी आपले मंगळसूत्रही दिले आणि मुलांना उपाशी राहू दिले नाही. लग्न झालेल्या हिंदू स्त्रीला मंगळसूत्र किती मोलाचे असते, हे तुमच्या शेजारच्या कोणत्याही काकूंना विचारा. लक्ष्मीबाई १९३० साली वारल्या. पण सातारा जिल्ह्यात आजही त्यांची आठवण काढली जाते.

दुसरे उदाहरण विठाबाईंचे. त्यांचे नाव कदाचित तुम्ही ऐकले नसेल. त्यांच्या मुलाचे नाव मात्र नक्की ऐकले असेल. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या त्या आई. यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी, आपल्या आजोळी झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहे. यशवंतराव लहान असतानाच त्यांचे वडील वारले. घरात गरिबी आली. थोरल्या भावाने नोकरी धरली. विठाबाईंनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना वाढवले. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. मुलांनी मात्र शिकले पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता.

यशवंतराव कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत होते. तो स्वातंत्र्याच्या चळवळीचा काळ होता. १९३२ साली त्यांना तुरुंगवास झाला. माफी मागितली तर मुलगा सुटेल, असे आईला सुचवण्यात आले. कोणतीही आई या वेळी गडबडून गेली असती. पण विठाबाईंनी मुलाला माफी मागायला सांगितले नाही. 'तब्येतीला जप,' एवढेच त्यांचे सांगणे होते. यशवंतराव तुरुंगातून सुटले, पुन्हा अभ्यासाला बसले आणि १९३४ साली मॅट्रिक झाले. पुढे १९३८ मध्ये ते बी.ए. झाले आणि १९४१ मध्ये वकील झाले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा ते त्याचे पहिले मुख्यमंत्री होते. आपल्या आईविषयी त्यांनी 'कृष्णाकाठ' या आत्मचरित्रात मोठ्या प्रेमाने लिहिले आहे.

विठाबाईंनी मुलाचे गणित कधी तपासले नसेल. इंग्रजीचा धडा कधी घेतला नसेल. तरी त्या उत्तम पालक होत्या. मुलगा काय करतो, कोणाबरोबर असतो, त्याची प्रकृती कशी आहे, याकडे त्यांचे लक्ष होते. संकटाच्या वेळी त्या मुलाच्या पाठीशी उभ्या राहिल्या. हे करायला अक्षरे यावी लागत नाहीत.

शिवाय अक्षर येत नाही म्हणजे ज्ञान नाही, असेही नाही. मिरजेत सतार आणि तंबोरा बनवणारी कुटुंबे आहेत. भोपळा कसा निवडायचा, लाकूड कसे कोरायचे, तारा कशा जुळवायच्या, हे तेथील मुले वडिलांच्या शेजारी बसून शिकली. पिढ्यान्‌पिढ्या ही विद्या अशीच पुढे आली. शेतकऱ्याला माती कळते, गवंड्याला भिंत कळते, शिवणकाम करणाऱ्या आईला मापे कळतात. यांतील प्रत्येकजण आपल्या मुलाला काही ना काही शिकवू शकतो.

काही पालकांना इच्छा असूनही मुलांजवळ राहता येत नाही. सांगली जिल्ह्याच्या खानापूर, आटपाडी भागातील अनेक माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर विखुरलेली आहेत. त्यांची काही मुले गावी आजीआजोबांजवळ वाढतात. दिवाळीच्या सुमारास बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीचे मजूर आपल्या भागात येतात. त्यांच्या मुलांची गावची शाळा मध्येच सुटते. अशा मुलांसाठी साखर कारखान्यांजवळ साखरशाळा चालवण्याचे प्रयत्न झाले आहेत. लांब असलेल्या वडिलांनी आठवड्यातून एकदा फोन करून 'या आठवड्यात नवीन काय शिकलास?' एवढे विचारले, तरी मुलाला वाटते, कुणीतरी माझी वाट पाहत आहे.

मात्र लक्ष देणे म्हणजे पाठीशी लागणे नव्हे. काही घरांत फक्त गुणांचीच चौकशी होते. 'चुलत भावाला ८५ मिळाले, तुला ६० का?' असे रोज ऐकणारे मूल हळूहळू खोटे बोलायला शिकते. आधी ते प्रगतिपुस्तक लपवते, मग मनातले दुःखही लपवते. मूल नीट जेवते का, पुरेसे झोपते का, त्याला फळ्यावरचे दिसते का, शाळेत त्याला कोणी त्रास देते का, हे प्रश्न गुणांइतकेच महत्त्वाचे आहेत. शिक्षकाला मूल वर्गात दिसते, आणि त्या वर्गातही चाळीस-पन्नास मुले असतात. बाकीच्या वेळी मूल घरी असते. म्हणून घरातले माणूस आणि शाळेतले माणूस एकमेकांशी बोलले पाहिजेत.

आपल्या देशाच्या कायद्यानेही हे मान्य केले आहे. २००२ साली राज्यघटनेत ८६ वी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार ६ ते १४ वर्षे वयाच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे किंवा पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरले. १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. या कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्या सदस्यांपैकी तीन चतुर्थांश म्हणजे ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. सदस्य होण्यासाठी पालक शिकलेलाच असावा, अशी अट या कायद्यात नाही. म्हणजे पालक हा शाळेतला पाहुणा नाही. शाळेच्या कारभारात त्याचा हक्क आहे.

आता त्या हमाल पालकांकडे परत जाऊ.

आम्ही बोलत बसलो असताना दारात एक माणूस आला. "उद्या लवकर या. राजापुरी हळदीच्या दोन गाड्या यायच्यात," तो मराठीत म्हणाला. मुलाच्या वडिलांनी त्याला विचारले, "माल कुणाचा आहे? हळकुंड किती, गड्डा किती? पोती ओली तर नाहीत ना? मागच्या वेळी काट्यावर भांडण झालं होतं. यंदा आधीच सांगून ठेवतो." ते भराभर, एकदाही न अडखळता मराठी बोलत होते.

मी थक्क झालो. ज्या मुलाला मराठीत १९ गुण होते, त्याचे वडील दिवसभर बाजारात उत्तम मराठी बोलत होते! घरात मराठीचे शिक्षक होते आणि ते मुलाला ठाऊक नव्हते, वडिलांना ठाऊक नव्हते आणि मलाही ठाऊक नव्हते.

मी त्यांना म्हणालो, "तुम्ही विचारलंत ना, मी काय करणार म्हणून? एक काम करा. रोज रात्री पंधरा मिनिटं मुलाशी मराठीत बोला. बाजारात दिवसभर काय झालं ते सांगा. तो ते वहीत लिहील. पुढचं मी बघतो."

त्यांना आधी ते खरेच वाटले नाही. "एवढंच?" त्यांनी विचारले.

"एवढंच. पण रोज."

त्या मुलाची वही माझ्याकडे येऊ लागली. पहिल्या पानावर चारच ओळी होत्या आणि त्यांत नऊ चुका होत्या. पण त्या ओळी त्याच्या स्वतःच्या होत्या. हळद जमिनीतून कशी काढतात, ती कढईत कशी शिजवतात, उन्हात कशी वाळवतात, मग तिला पॉलिश कसे करतात, सौदा कसा होतो, तोलाई म्हणजे काय, हे सगळे हळूहळू त्या वहीत आले. गड्डा आणि हळकुंड यांतला फरक मलाही त्या वहीतूनच कळला. वडिलांना एखादा शब्द नीट सांगता आला नाही तर ते दुसऱ्या दिवशी बाजारात कुणाला तरी विचारून येत. काही दिवस ते इतके दमून येत की बोलता बोलताच झोपत. त्या दिवशी पान कोरे राही. त्याला आमची हरकत नव्हती.

वार्षिक परीक्षेत मुलाला मराठीत ४३ गुण मिळाले. हे काही फार मोठे यश नव्हते. पण मराठीच्या तासाला तो आता खिडकीबाहेर पाहत नव्हता.

मधल्या काळात आणखी एक पालकसभा झाली. तिला त्याचे वडील आले. ते कपडे बदलून येणार होते. पण गाडी उशिरा आली आणि त्यांना बाजारातून तसेच यावे लागले. मुलगा फाटकाजवळ उभा होता. मी व्हरांड्यातून पाहत होतो. पिवळे कपडे घातलेले वडील रस्त्यावर दिसले, तेव्हा तो क्षणभर थांबला. मग तो पुढे गेला आणि त्यांना वर्गात घेऊन आला. त्याने त्यांना आपला बाक दाखवला आणि पाणी आणून दिले. त्या दिवशी वडिलांनी हजेरीच्या कागदावर अंगठा उमटवला.

पुढच्या वर्षी पहिल्या सभेची चिठ्ठी परत आली तेव्हा तिच्यावर अंगठा नव्हता, सही होती. अक्षरे वाकडीतिकडी होती आणि एक काना राहून गेला होता. मी मुलाकडे पाहिले.

तो म्हणाला, "मीच शिकवलं, सर. ते मला बोलायला शिकवतात, मी त्यांना लिहायला शिकवतो."

मी माझी जुनी वही काढली आणि त्याच्या नावापुढचे ते वाक्य खोडून टाकले.

मित्रांनो, पालकांनी शाळेत यावे असे आम्ही शिक्षक म्हणतो. पण त्यांना शाळेपर्यंत आणण्याचे अर्धे काम तुमच्या हाती असते. चिठ्ठी तुमच्या दप्तरातून घरी जाते. आता पुष्कळ शाळा मोबाइलवर निरोप पाठवतात, पण घरातला मोबाइल तरी कुणाच्या हातात असतो? निरोप पोचवणारे तुम्हीच आहात. अम्मीला वाचता येत नसेल तर तिला मोठ्याने वाचून दाखवा. अब्बांना सभेची वेळ जमत नसेल तर तसे शिक्षकांना सांगा. गुण कमी पडले असतील तर घरी खरे सांगा. रागावणे थोडा वेळ टिकते, पण लपवलेली गोष्ट रोज छातीवर ओझे होऊन बसते. आणि घरात एखादी गोष्ट सांगण्याची भीती वाटत असेल, तर ती शिक्षकांना सांगा. मनात कोंडून ठेवू नका.

तुमच्या आईवडिलांच्या हाताला हळद लागली असेल, ग्रीस लागले असेल, सिमेंट लागले असेल किंवा कणीक लागली असेल. त्याच हातांनी तुमच्या वह्यापुस्तकांचे पैसे दिले आहेत.

आज घरी गेल्यावर दप्तराच्या तळाशी एकदा हात घालून पाहा. एखादी चिठ्ठी राहिली असेल, तर ती आजच दाखवा.

शब्दार्थ

सांभाळ करणे – काळजी घेऊन वाढवणे
वसतिगृह – विद्यार्थ्यांच्या राहण्याची व जेवणाची जागा
मोट – विहिरीतून बैलांच्या मदतीने पाणी काढण्याचे साधन
आजोळ – आईच्या आईवडिलांचे घर किंवा गाव
आत्मचरित्र – स्वतःच्या जीवनाची स्वतः लिहिलेली हकीकत
गलाई – सोने-चांदी वितळवून शुद्ध करण्याचे काम
गड्डा – हळदीचा जाड, गोल कंद
हळकुंड – हळदीचा बोटासारखा लांबट कंद
तोलाई – माल तोलण्याचे काम किंवा त्याची मजुरी
अनुदानित शाळा – जिला सरकारकडून आर्थिक मदत मिळते अशी शाळा

वाक्प्रचार

हशा पिकणे – सर्वांनी मोठ्याने हसणे
मान खाली घालणे – लाज वाटणे, शरमणे
पोटाला चिमटा घेणे – स्वतः उपाशी राहून, काटकसर करून दिवस काढणे
पाठीशी उभे राहणे – आधार देणे
थक्क होणे – आश्चर्य वाटणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पालक या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(आ) रयत शिक्षण संस्थेची स्थापना कोठे व केव्हा झाली?
(इ) मुष्टिफंड म्हणजे काय?
(ई) यशवंतराव चव्हाण यांचा जन्म कोणत्या गावी झाला?
(उ) शाळा व्यवस्थापन समितीत किती टक्के सदस्य पालक असतात?

प्र. २. कारणे लिहा.
(अ) मुलाने पालकसभेच्या चिठ्ठ्या घरी दाखवल्या नाहीत.
(आ) लक्ष्मीबाईंनी आपले मंगळसूत्र दिले.
(इ) मुलाच्या वडिलांचे मराठी ऐकून लेखक थक्क झाले.
(ई) लेखकांनी वहीतले वाक्य खोडून टाकले.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) विठाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते, तरी त्या उत्तम पालक होत्या असे लेखक का म्हणतात?
(आ) 'लक्ष देणे म्हणजे पाठीशी लागणे नव्हे.' हे वाक्य तुमच्या शब्दांत समजावून सांगा.
(इ) लेखकाकडून कोणती चूक झाली? ती त्यांना कशी कळली?

प्र. ४. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा.
मान खाली घालणे, पोटाला चिमटा घेणे, पाठीशी उभे राहणे

प्र. ५. भाषाभ्यास
(अ) रयत, हमाल, सौदा, हजेरी, वकील, माफी हे शब्द मराठीत आहेत आणि उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधून लिहा.
(आ) काही शब्द दोन्ही भाषांत आहेत, पण त्यांचे अर्थ वेगळे आहेत. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कार्यालय. मराठीत 'दप्तर' म्हणजे काय? दोन्ही अर्थांची एकेक वाक्ये लिहा.
(इ) पुढील वाक्य भविष्यकाळात लिहा: वडील मुलाशी रोज मराठीत बोलतात.

उपक्रम
तुमच्या आईला, वडिलांना किंवा आजीला त्यांच्या कामाविषयी पाच प्रश्न विचारा. त्या कामात वापरले जाणारे मराठी शब्द वहीत लिहा. त्यांतील एक शब्द व त्याचा अर्थ उद्या वर्गात सांगा.